आधी विळी, मग पाणी

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की पाण्याआधी विळी मागत. घरातली बाई "बसा अप्पा, पाणी आणते" म्हणायची आणि हे चपला काढता काढताच म्हणायचे, "पानी ऱ्हाऊ द्या. विळी आना बघू." विळी समोर आली की अंगठ्याच्या नखावर पातं अलगद टेकवायचे. पातं नखात रुतलं तर मान डोलवून पाणी मागायचे. घसरलं तर मात्र सदऱ्याच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, बाहेर निघायचा, आणि पुढचा अर्धा तास पाहुणा कोण आणि घरचा कोण हे कुणालाच कळत नसे. लग्नाला गेले तर नवरदेवापेक्षा आचाऱ्याची चौकशी जास्त. पुतण्याला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा हे मुलीकडं न बघता सैपाकघरात गेले आणि विळी बघून आले. "सोयरीक करा," बाहेर येऊन म्हणाले. "विळी झ्याक हाय."

यामागं त्यांचं एक शास्त्र होतं. ते मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की पाठ झालं. "बाई, ज्या घरातली विळी बोथट, त्या घरात बाईला कुनी इचारीत न्हाई. रोज ती पात्यासंगं झगडती, अन् घरच्याला खबर न्हाई."

मी मूळची नांदेडची. शाळेत विज्ञान शिकवते. बदली होऊन निलंग्याला आले आणि अप्पांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठ वाजल्यापासून भिंतीपलीकडं लोखंडावर लोखंड सुरू झालं. मी तास-दीड तास सोसलं, मग पदर खोचून भांडायला गेले. परसात पत्र्याच्या छपराखाली धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेला, सत्तरीच्या आसपासचा एक किडकिडीत माणूस रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर काहीतरी ठोकत बसला होता. मी म्हटलं, "काका, आज रविवार आहे." ते म्हणाले, "म्हनूनच की. तुमची विळी आना."

भांडायला गेलेली मी विळी घेऊन परत गेले, हे आजही मला पटत नाही. संध्याकाळी विळी आली आणि पहिल्याच कांद्याला माझं बोट कापलं. पुन्हा पदर खोचून गेले. अप्पांनी बोटाकडं बघितलं, हळद आणायला सांगितली आणि शांतपणे म्हणाले, "विळीचा दोष न्हाई. बोथट विळीवर जोर लावायची सवय लागली तुमाला. धारेला जोर लागत न्हाई, बाई, फकस्त ध्यान लागतंय." मला राग आला होता, पण बोलणं खोटं नव्हतं. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

तर हे अप्पा लोहार नव्हते, सुतार नव्हते. तहसिलीच्या नक्कलखान्यात कारकून होते. जन्मभर लोकांना जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला उतरवून दिल्या. "तीस वरसं दुसऱ्याचं लिवलेलं लिवलं," ते म्हणायचे. "एक अक्षर माझं न्हाई. रिटायर झालो तवा हातच म्हनले, आता आमाला कायतरी आमचं करू दे." मग मोबाइलवर परदेशातल्या माणसांचे चाकू घडवायचे व्हिडिओ बघून यांनी परसात भट्टी मांडली. त्या लोकांकडं मोठाले पंखे होते. यांच्याकडं सुनेचा केस वाळवायचा ड्रायर. दिवाळीला पुण्याहून आलेली सून तो विसरून गेली आणि पुढच्या दिवाळीला आली तेव्हा त्याचं तोंड वितळून वाकडं झालं होतं. तिनं तो हातात घेतला, बघितला आणि एक शब्द न बोलता परत भट्टीपाशी ठेवला. भली बाई.

आठवडी बाजारातल्या भंगारातून ते गंजलेल्या कुऱ्हाडी, दांडे मोडलेले विळे, कुणी टाकून दिलेले रंधे गोळा करून आणत. गंजावर त्यांचा उपाय चिंचेच्या पाण्याचा. "गंज म्हंजी लोखंडाचं रुसनं. रुसलेल्याला मारायचं न्हाई. आंबट पान्यात बसवायचं, आपुन होऊन सोडतंय." दोन दिवसांनी बादलीतून कुऱ्हाड वर यायची तेव्हा तिच्यावर कुण्या जुन्या कारागिराचा ठसा दिसायचा आणि अप्पा लहान मुलासारखे ओरडायचे, "अव्वा, बघ की!" दांड्याला लाकूड किनवटच्या जंगलाकडच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून यायचं, एसटीच्या टपावरून. ते घासून त्याला करडईचं तेल पाजायचे. एक रिवाज मात्र कडक. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, भुईवर ठेवायची, समोरच्यानं उचलून घ्यायची. हातोहात दिली की भांडण होतं. हा नियम ते नेलकटरलाही लावत.

अव्वा म्हणजे त्यांची बायको. निलंग्यापासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आईला, घरातल्या मोठ्या बाईला अव्वा म्हणायची रीत. अप्पाही बायकोला अव्वाच म्हणायचे. अव्वा ठेंगणी, गोरी, कपाळावर विभूतीची रेघ, गळ्यात लिंग, आणि तोंडाची तिखट. छपरालगत तिचा एक वाफा होता, चार हात लांब नि दोन हात रुंद. त्यात मेथी, शेपू, कोथिंबीर, कडेला दोन मिरच्या. अप्पांचं लोखंड त्या वाफ्याकडं जरा सरकलं की आतून आवाज यायचा, "ते भंगार उचला, न्हाईतर ईन मी!" आणि अप्पा मुकाट्यानं उचलायचे.

वर्षातून दोनदा अप्पांची भट्टी आपोआप बंद व्हायची. खरिपाच्या तोंडाला आणि ज्वारीच्या काढणीआधी गावाबाहेरच्या माळावर घिसाड्यांची पालं पडत. गाड्यावर संसार घालून गावोगाव फिरणारे हे लोहार. त्यात सुंदराबाई नावाची एक म्हातारी होती, दंडावर गोंदण, आणि घण असा मारायची की बघणाऱ्याचे डोळे मिटायचे. व्हिडिओ बघून अप्पांनी पहिला चाकू केला होता तो बटाट्यावर मोडला. ते तुकडे घेऊन तिच्याकडं गेले. तिनं तुकडे बघून विचारलं, "पानी कुनी दिलं ह्याला?" तापलेल्या लोखंडाला पाण्यात बुडवून कडक करायचं, तेच पाणी. अप्पा म्हणाले, "मी." ती म्हणाली, "तहान नसताना पाजलं की रं." त्या दिवसापासून अप्पा तिला उस्ताद म्हणायला लागले. पालं पडली की भट्टी बंद, आणि दारात कुणी विळा घेऊन आलं तर त्याला माळाची वाट दाखवायचे. "उस्ताद गावात हाय तवर मी कोन? माझी हौस, तिचं पोट," म्हणायचे.

माझं निलंग्यातलं तिसरं वर्ष असेल. पौषात एका सकाळी अव्वा मोरीतून उठलीच नाही. लातूरला नेलं, जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. उजवा हात खांद्यापासून लोंबता, पाय ओढत, आणि जीभ जड. शब्द मनात असायचे, तोंडात यायचे नाहीत. "पाणी" म्हणायला गेली की "पा, पा" करत राही आणि मग डोळ्यांत पाणी येई. तिखट बोलणाऱ्या बाईचं ते बघवत नसे. डॉक्टरनं सांगितलं होतं की डाव्या हातानं काहीतरी करू द्या, मन कशात तरी अडकवा, नाहीतर त्या अंथरुणातच राहतील.

अप्पांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. अव्वाला पुन्हा स्वयंपाकघरात बसवायचं, एवढंच डोक्यात. भुईवर बसता येत नाही म्हणून टेबलाला घट्ट बसणारी विळी केली. तिनं बघितली आणि मान फिरवली. मग खिळ्यांची पाटी केली, भाजी खिळ्यावर रोवायची आणि डाव्या हातानं कापायची. तिनं मान फिरवली. मग अर्धचंद्राचं पातं, वरून नुसतं डोलवायचं. मग डाव्या मुठीच्या मापाचा चाकू, त्याला असा गुळगुळीत दांडा की मलाच हातातून सोडवेना. एकापाठोपाठ सात हत्यारं झाली. प्रत्येक आधीच्यापेक्षा देखणं. अव्वा प्रत्येकाकडं एकदा बघे आणि मग खिडकीतून परसाकडं बघत बसे.

"मी काम करताना बघत बसती बाई," अप्पा मला म्हणाले. "तेवढाच तिचा जीव रमतो." म्हणून खिडकीतून नीट दिसावं अशा बेतानं त्यांनी बसायची जागाही हलवली. सगळं सामान छपराखाली मावेना, ते पुढं सरकलं. आणि अव्वा जेवायची कमी झाली. अर्धी भाकरी, मग चतकोर. मीही रोज जायची, "आज बरं वाटतंय ना अव्वा?" असं विचारायची आणि तिचं उत्तर जुळायच्या आत स्वतःच "वाटतंय, वाटतंय" म्हणून टाकायची. तिला बोलायला लावणं क्रूरपणाचं वाटायचं. आम्ही सगळे तिच्यावर दया करत होतो, आणि त्या दयेत तिला कुणी काही विचारतच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मुलांना ज्ञानेंद्रियं शिकवणारी मी, मलाही नाही.

काढणीआधी पालं पडली. अप्पांनी भट्टी बंद केली, सातही हत्यारं पिशवीत भरली आणि मला म्हणाले, "बाई, चला जरा उस्तादकडं." त्यांना एकट्यानं जायला धीर होत नव्हता, असं मला वाटलं. माळावर सुंदराबाईपुढं त्यांनी सातही वस्तू एकेक करून भुईवर मांडल्या. तिनं एकेक उचलली, धार बघितली, दांडा दाबून बघितला. शेवटच्या चाकूला तर "वा" म्हणाली. तरी अप्पा म्हणाले, "एकबी घेत न्हाई ती, उस्ताद. काय चुकलं माझं?"

सुंदराबाईनं चाकू खाली ठेवला. "माप कुनी घेतलं?"

"मीच. झोपली होती तवा मुठीला सुतळी गुंडाळून."

"झोपेत?" ती उठलीच. "चल. हात दाव मला तिचा."

ती आली ती थेट आत गेली आणि अव्वाच्या खाटेपाशी भुईवर बसली. तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट केला, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "अव्वा, ह्या हातानं काय करू वाटतंय तुला?"

अव्वाचे ओठ हलले. "खु," ती म्हणाली. "खु, खु." अप्पा लगबगीनं पुढं झाले, "खुर्ची? खुर्ची देऊ का?" सुंदराबाईनं त्यांच्याकडं न बघता हात वर केला. "गप. तिला बोलू दे." मग ती नुसती बसून राहिली. घड्याळ लावून नाही सांगत, पण मला तो वेळ फार लांब वाटला. अव्वाच्या कपाळावर घाम आला. शेवटी शब्द आला, अख्खा आला.

"खुरपं."

आणि तिनं डावा हात उचलून खिडकीबाहेर दाखवला. आम्ही तिघांनी तिकडं बघितलं. छपरालगत जिथं तिचा वाफा होता तिथं कुऱ्हाडींचा ढीग, लोखंडी पट्ट्यांचे तुकडे, चिंचेच्या पाण्याच्या दोन बादल्या. कडेनं हरळी आणि गाजरगवत गुडघाभर वाढलेलं, आणि मधूनच शेपूचं एक रोप बादलीआडून वाकून वर आलेलं. दोन महिने ती अप्पांकडं नव्हे, त्या वाफ्याकडं बघत होती.

अप्पा उंबऱ्यावर बसले. मग मला म्हणाले, "बाई, गावभर लोकांच्या विळ्या बघत फिरलो. माझ्याच घरातली बोथट होती की." मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि माझ्यासाठीही.

त्या दुपारी अप्पांनी एकट्यानं सगळं लोखंड उचललं. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही. वाफा मोकळा झाला, पण गवत त्यांनी मुद्दाम ठेवलं. "ते तिचं काम हाय," म्हणाले.

खुरपं दुसऱ्या दिवशी माळावर घडलं, सुंदराबाईच्या भट्टीत. बाजारात मिळतं ते सगळं उजव्या हाताचं. त्याचा वाक आणि धार उजव्या मुठीला धरून असते. डावरा माणूस जन्मभर त्याच्याशी जुळवून घेतो, पण अव्वाच्या एकुलत्या हाताला जुळवून घ्यायची ताकद नव्हती. म्हणून आरशात बघावं तसं सगळं उलटं करायचं होतं. अप्पांनी सांडशीत धरलं, सुंदराबाईनं घण मारला. "फिरव. आता फिरव की, रडून काय व्हतंय," ती त्यांना सांगत होती. धूर लागला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं अप्पा नंतर सांगायचे. मी तिथं होते, धूर उलट्या दिशेला होता.

दांडा बसवायच्या आधी अप्पांनी तीन मुठी अव्वापुढं ठेवल्या आणि हात जोडल्यासारखे समोर बसले. "ह्यातली कंची?" अव्वानं तिन्ही धरून बघितल्या, एकही नको म्हणून सांगितलं आणि जात्याचा खुंटा दाखवला. तसली जाड हवी. अप्पांनी तसली केली. ती दिसायला अगदीच गबाळी होती.

अव्वाला दोघांनी धरून वाफ्यापाशी नेलं आणि उंच पाटावर बसवलं. अप्पांनी खुरपं भुईवर ठेवलं, तिनं ते डाव्या हातानं उचललं. पहिला घाव हवेत गेला, दुसरा मातीत, तिसऱ्याला हरळीची मुळी तुटून वर आली. ती मुळी तिनं उचलून अप्पांच्या अंगावर फेकली. दोन महिन्यांतलं तिचं ते पहिलं भांडण. अप्पा असे हसले की शेजारचे लोक गच्चीवर आले.

पुढं महिन्याभरात मेथी आली. जीभही हळूहळू सुटत गेली, पूर्ण नाही, पण शिव्यांपुरती नक्की. खंडेनवमीला अप्पांनी सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, झेंडूची फुलं वाहून मांडली, त्यात अव्वाचं खुरपंही मांडलं. दुपारी अव्वा खुरपं मागायला लागली. अप्पा म्हणाले, "आज हत्याराला सुट्टी असती, अव्वा. पूजा झाली, आता उचलायचं न्हाई." अव्वा म्हणाली, "गवत... काय... नवमी पाळतंय?" आणि फुलासकट खुरपं उचलून गेली. अप्पांनी देवाची माफी मागितली, तिला अडवलं नाही.

अप्पांची सवय मात्र बदलली. विळी अजूनही पाण्याआधीच मागायचे, पण नखावर टेकवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारायचे, "कुनाच्या हातात असती ही? काय तरास हाय का हिचा?" मग उत्तर मिळेपर्यंत उभे राहायचे. एखादी लाजून गप्प बसली तरी उभेच. आणि घरातल्या बाईला विचारीत नाही वगैरे ते शास्त्र त्यांनी पुन्हा कधी कुणाला ऐकवलं नाही.

माझी नांदेडला बदली झाली तेव्हा त्यांनी स्वतःचा निसणा फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं ठेवला. हाही भुईवरच. "ह्याला धार न्हाई, हातात द्या की," मी म्हटलं. "असू द्या," ते म्हणाले, "कशाला उगं भांडन." मी उचलून घेतला आणि एसटीत बसेपर्यंत रडले.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. परसात कुऱ्हाडीला तेल पाजता पाजता भिंतीला टेकले ते टेकलेच. मला दोन दिवसांनी कळलं. सुंदराबाईला तर पालं पडल्यावर कळलं. ती आली, भट्टीपाशी बसून मोठ्यानं रडली, आणि जाताना अव्वानं तिला तो रुळाचा तुकडा दिला.

मला सवड मिळाली ती दिवाळीच्या सुटीत. अव्वा वाफ्यापाशी पाटावर बसली होती. गवत उपटायचा प्रयत्न चालला होता, पण खुरपं मुळीवरून घसरत होतं. धार पार गेली होती. लावणारा नव्हता, आणि ती कुणाला सांगणारी नव्हती. पुण्याहून आलेली सून दारातून म्हणाली, "या मॅडम, बसा, पाणी आणते."

"पाणी राहू दे," मी म्हटलं. "अव्वा, खुरपं द्या."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि खुरपं भुईवर ठेवलं. मी उचललं, पिशवीतून निसणा काढला, पाणी शिंपडलं आणि अप्पांनी शिकवलं होतं तसं, जोर न लावता, ध्यान देऊन, पंधरा-वीस मिनिटं घासलं. फडक्यानं पुसून तिच्यापुढं ठेवलं. मला वाटलं तिचे डोळे भरून येतील. माझे आले होते.

अव्वानं पात्यावरून अंगठा फिरवला, कपाळाला आठी घातली आणि तिला फस्सकन हसू आलं. "पोरी... उलट्या अंगानं... लावलीस की गं धार. ही... उजव्याची."

मी खाली बसले, निसणा पुन्हा हातात घेतला. "मग कुठल्या अंगानं लावू, अव्वा? कशी हवी तुम्हाला?"

तिनं खुरपं माझ्याकडं सरकवलं.

"आता कसं," ती म्हणाली. "आता इचारलंस."